इंजिनाचा पिवळा दिवा काय सांगतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे दर वर्षी कुणी आहारावर बोलते, कुणी मुलांच्या अभ्यासावर, कुणी बचतीवर. यंदा कार्यकारिणीने मला मोटारीच्या दुरुस्तीवर बोलायला सांगितले आहे. बायकांच्या मंडळात हा विषय कशाला, असे काहींना वाटले असेल. परंतु आपली डबे पोचवणारी व्हॅन आता आपल्या चुलीइतकीच आपली आहे. ती एक दिवस उभी राहिली तर वसतिगृहातल्या मुली उपाशी राहतात आणि पोळ्या लाटणाऱ्या भगिनींचा त्या दिवसाचा रोज बुडतो. म्हणून हा विषय आपलाच आहे.

तुम्हांपैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे की गेल्या श्रावणात व्हॅनमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला. एका गॅरेजने गाडी पाहून सांगितले की दोन्ही ऑक्सिजन सेन्सर गेले आहेत आणि धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही बदलावा लागेल. खर्च ३८,००० रुपये. ही रक्कम म्हणजे दिवाळीला सभासदांना वाटायच्या रकमेतला मोठा भाग. कार्यकारिणीच्या बैठकीत दोन मते पडली. कुणी म्हणाले, गॅरेजवाला सांगतो ते करून टाकावे, आपल्याला त्यातले काय कळते? कुणी म्हणाले, गाडी चालते आहे ना, मग दिव्यावर काळी पट्टी चिकटवून द्यावी. शेवटी असे ठरले की पैसे देण्यापूर्वी दोष कोठे आहे ते नीट तपासून घ्यावे. वाहनाचा हिशेब माझ्याकडे असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले. एका जुन्या, सबुरीच्या मेस्त्रींनी आपल्यासमोर एकेक गोष्ट तपासून दाखवली, आणि अखेर एकच सेन्सर बदलून ४,६५० रुपयांत काम झाले. ते कसे झाले हे सर्वांना कळावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम हा सेन्सर म्हणजे काय ते पाहू.

आपण गॅसच्या शेगडीवर रोज पाहतो की ज्योत निळी असली म्हणजे गॅस आणि हवा यांचा मेळ बरोबर आहे. ज्योत पिवळी झाली, भांड्याचे बूड काळे पडू लागले, म्हणजे हवा कमी पडते आहे. इंजिनातही तेच चालते. पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळली तर ते पुरते जळते. शुद्ध पेट्रोल धरले तर १ किलो पेट्रोलाला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असेल तर हवा थोडी कमी पुरते, कारण इथेनॉलात स्वतःचा ऑक्सिजन असतो. हवा कमी पडली तर न जळलेले पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू धुराड्यातून बाहेर पडतो. हवा जास्त झाली तर इंजिन ओढ धरत नाही, आणि नायट्रोजनचे अपायकारक वायू आवरेनासे होतात.

आपण शेगडीची ज्योत डोळ्यांनी पाहतो. इंजिनाच्या पोटातली ज्योत कोण पाहणार? ते काम ऑक्सिजन सेन्सर करतो. तो धुराच्या नळीत बसवलेला असतो आणि धुरात ऑक्सिजन किती उरला आहे ते सांगतो. आमटीत मीठ किती पडले हे आपण चाखून ठरवतो, तसे गाडीतला छोटा संगणक या सेन्सरच्या जिभेने धूर चाखतो आणि त्याप्रमाणे पेट्रोल कमीजास्त करतो. हे चाखणे एकदाच नव्हे, गाडी चालू असेपर्यंत सतत चालते.

सेन्सरच्या टोकाला झिर्कोनिया नावाच्या चिनीमातीसारख्या पदार्थाचे, अंगठ्यापेक्षा लहान असे टोपण असते. शिवणकामात बोटाला घालतात त्या टोपणासारखा त्याचा आकार. त्याच्या आतून व बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर असतो. आतल्या बाजूला बाहेरची स्वच्छ हवा, बाहेरच्या बाजूला इंजिनाचा धूर. हे टोपण तापून ३०० अंशांच्या वर गेले की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक असेल त्या मानाने त्यातून थोडीशी वीज निर्माण होते. टॉर्चचा सेल दीड व्होल्टचा असतो. हा सेन्सर एका व्होल्टपेक्षाही कमी देतो. धुरात ऑक्सिजन नसल्यासारखा असेल, म्हणजे पेट्रोल जास्त होत असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन शिल्लक असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडत असेल, तर सुमारे ०.१ व्होल्ट. मधला आकडा ०.४५. एवढे तीन आकडे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

हे टोपण थंड असताना मुके असते. म्हणून आजच्या सेन्सरच्या पोटात एक लहानसा हीटर असतो, आपल्या पाणी तापवायच्या कॉइलसारखा. गाडी चालू होताच तो सेन्सरला झटपट तापवतो. हा हीटर लक्षात ठेवा, कारण आपल्या व्हॅनची गोष्ट त्याच्याशीच आहे.

आता दोन सेन्सर का, असा प्रश्न कुणी विचारील. धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा एक डबा असतो. त्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोके असून त्यांवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप असतो. विषारी धूर त्यातून जाताना त्याचे कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन यांत रूपांतर होते. पहिला सेन्सर या डब्याच्या अलीकडे असतो; तो पेट्रोल ठरवण्यासाठी. दुसरा पलीकडे असतो; तो डबा आपले काम करतो की नाही ते पाहण्यासाठी. पाण्याच्या फिल्टरमध्ये वरचे पाणी आणि खालचे पाणी दोन्ही पाहिल्याशिवाय फिल्टर चांगला की वाईट हे कळत नाही, तसेच हे आहे.

ही व्यवस्था कुठून आली तेही थोडक्यात सांगते. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर धुरकट, डोळे झोंबवणारी हवा पसरत असे. मोटारींचा धूर आणि ऊन यांच्या संयोगाने ती तयार होते, हे हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवले. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदे कडक केले. जर्मनीच्या बॉश कंपनीने तयार केलेला हा सेन्सर १९७६ साली स्वीडनच्या व्होल्व्हो गाडीत प्रथम बसला, तोही कॅलिफोर्नियात विकायच्या गाड्यांसाठी. आपल्याकडे १९९५ साली मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पेट्रोलात शिसे असले तर कन्व्हर्टर आणि सेन्सर दोन्ही निकामी होतात, म्हणून त्याच वेळी तेथे शिसेविरहित पेट्रोल आले आणि २००० सालापासून ते सगळ्या देशात मिळू लागले. २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहा हे नियम देशभर लागू आहेत. गाडीने स्वतःचा दोष स्वतः ओळखून दिवा लावावा, ही सक्ती याच कायद्यांतून आली आहे. म्हणजे हा दिवा आपल्या गल्लीतल्या लेकरांच्या छातीसाठीही आहे.

आता दिवा लागल्यावर काय करायचे?

पहिली गोष्ट, दिव्याचा रंग पाहावा. तेलाच्या बुधलीचा किंवा इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला तर गाडी जागच्या जागी बाजूला घेऊन बंद करावी. इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा स्थिर लागला असेल तर घाबरू नये. घरापर्यंत, गॅरेजपर्यंत सावकाश जाता येते. परंतु तो पिवळा दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करून लवकरात लवकर थांबावे. त्याचा अर्थ असा की एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाही आणि कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आहे. त्या उष्णतेने तो महागडा डबा आतून वितळतो.

दुसरी गोष्ट, दोषाचा क्रमांक वाचून घ्यावा. गाडीच्या स्टिअरिंगखाली सोळा छिद्रांचे एक सॉकेट असते. त्याला स्कॅनर जोडला की संगणकाने लिहून ठेवलेला क्रमांक दिसतो. तो आपल्या वहीत उतरवावा. तारीख आणि गाडीचे किलोमीटरही लिहावे. क्रमांक लिहून घेईपर्यंत कुणालाही तो पुसू देऊ नये. बॅटरीची तार काढून लावली की बहुधा दिवा विझतो, आणि काहीजण 'झाली दुरुस्त' म्हणून पैसे घेतात. परंतु दोष तसाच असतो. संगणकाने आपली तपासणी पुन्हा केली की दिवा परत लागतो. ताप उतरायची गोळी दिली म्हणून दुखणे बरे झाले असे नव्हे.

आपल्या व्हॅनमध्ये एकच क्रमांक निघाला, पी ०१३५. त्याचा अर्थ पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या विद्युतमार्गात दोष. दुसऱ्या सेन्सरबद्दल संगणकाची तक्रार नव्हती. कन्व्हर्टरचा गुण कमी झाला असता तर पी ०४२० हा क्रमांक निघण्याचा संभव होता, तोही नव्हता. मेस्त्री म्हणाले, "काकू, तीन वस्तू बदलायला सांगितल्यात, पण गाडी एकाच जागी बोट दाखवतेय. आता ती जागा तपासू."

इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. क्रमांक म्हणजे निकाल नव्हे. क्रमांक आपल्याला गल्ली दाखवतो, घर आपण शोधायचे. हीटरच्या मार्गात हीटर आहे, तशाच त्याच्या तारा आहेत, जोडाची क्लिप आहे आणि फ्यूजही आहे. दहावीस रुपयांचा फ्यूज जळला तरी हाच क्रमांक निघू शकतो.

तिसरी गोष्ट म्हणून डोळ्यांनी पाहणे. पावसाळ्यात उबेसाठी उंदीर इंजिनात शिरतात आणि तारा कुरतडतात, हे आपल्याकडे नित्याचे आहे. पलीकडच्या गल्लीतल्या आपल्या एका सभासद वहिनींच्या गाडीचा अनुभव ऐका. त्यांच्या गाडीत पी ०१३४ हा क्रमांक निघाला. म्हणजे पहिल्या सेन्सरकडून काही हालचालच नाही. आकडा ०.४५ वर खिळून बसलेला. 'सेन्सर मेला' असे त्यांना सांगण्यात आले. परंतु त्यांच्या मुलाने टॉर्च घेऊन पाहिले तर जोडाच्या क्लिपमागे गाडीकडची तार उंदराने तोडली होती. सेन्सर आपले काम करीतच होता. त्याचा निरोप मात्र पोचत नव्हता. तार नीट जोडल्यावर दिवा गेला. नवा सेन्सर घेतला असता तर तोही तसाच मुका राहिला असता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशातली गत.

तारांबरोबर धुराच्या नळीचे सांधेही पाहावेत. सेन्सरच्या अलीकडे नळीला चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि सेन्सर 'ऑक्सिजन जास्त आहे' असे सांगू लागतो. सांध्याजवळ काजळी दिसली किंवा थंड इंजिन चालू करताच फुस्स्‌ असा आवाज आला, तर आधी तो सांधा दुरुस्त करावा. तसेच एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी फाटली तर पी ०१७१ निघतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. ही तक्रार सेन्सरच संगणकाला सांगतो आणि ती खरी असते. खबर देणाऱ्यालाच काढून टाकायचे आणि फाटकी नळी तशीच ठेवायची, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आपल्या व्हॅनमध्ये तारा शाबूत होत्या, सांधे घट्ट होते आणि फ्यूजही चांगला होता.

चौथी गोष्ट, चालू गाडीत सेन्सरचे आकडे पाहणे. स्कॅनरवर ते दिसतात. चांगला पहिला सेन्सर तापल्यावर त्याचा आकडा ०.१ आणि ०.९ यांच्यामध्ये सारखा वरखाली होत राहतो, झोपाळ्यासारखा. संगणक पेट्रोल थोडे वाढवतो, मग थोडे कमी करतो, त्यामुळे असे होते. आकडा एका जागी खिळला तर संशय घ्यावा. खात्री करायची असेल तर अॅक्सिलरेटर एकदम दाबावा. पेट्रोल वाढते आणि आकडा ०.८ च्या वर जायला हवा. सोडून द्यावा, आकडा झरकन खाली यायला हवा. सेन्सर असा उत्तर देत असेल तर तो जिवंत आहे, दोष दुसरीकडे शोधावा. उत्तर देतो पण रेंगाळत देतो, तर तो म्हातारा झाला आहे. काही नव्या गाड्यांत पहिला सेन्सर निराळ्या जातीचा असतो आणि त्याचे आकडे असे झुलत नाहीत. तेथे त्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणे चालावे.

मेस्त्रींनी व्हॅन सकाळी थंड असताना चालू केली आणि मला घड्याळ पाहायला सांगितले. एकदोन मिनिटांत आकडा झुलू लागायला हवा होता. आपल्या गाडीचा आठव्या मिनिटाला झुलू लागला, तोही धुराच्या उष्णतेने. गाडी थोडा वेळ नुसती उभी ठेवली की पुन्हा थंडावून गप्प. जीभ चांगली होती, पण तिला ऊब मिळत नव्हती.

दुसऱ्या सेन्सरचा आकडा मात्र इंजिन पुरते तापल्यावर ०.६५ च्या आसपास शांत राहिला. हे चांगले लक्षण आहे. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे पहिल्या सेन्सरचा झोपाळा पलीकडे पोचत नाही. पलीकडचा सेन्सरही पहिल्यासारखाच झुलू लागला तर समजावे की डबा थकला. म्हणजे आपला दुसरा सेन्सरही ठीक आणि कन्व्हर्टरही ठीक. ३८,००० रुपयांतला बहुतेक भाग तिथेच गळून पडला.

पाचवी गोष्ट, मीटर लावून खात्री करणे. सेन्सरला बहुधा चार तारा असतात. त्यांतल्या एकाच रंगाच्या दोन तारा बहुधा हीटरच्या असतात. गाडी थंड करून क्लिप सोडवली. मीटर हीटरच्या दोन टोकांना लावला. चांगल्या हीटरचा रोध थोड्याच ओहमांचा असतो. आपल्याकडे मीटर काहीच दाखवीना, म्हणजे आतली तार तुटलेली. मग गाडीकडच्या क्लिपमध्ये वीज येते का ते पाहिले. १२ व्होल्ट येत होते. वीज दारापर्यंत येते आहे आणि आतला दिवाच गेला आहे, हे सिद्ध झाले. आता मात्र सेन्सर बदलणे हेच योग्य. असे तपासून खर्च केला की मनाला रुखरुख राहत नाही.

गाडी चालत होती, मग बदलण्याची घाई कशाला, हा प्रश्नही बैठकीत निघाला होता. त्याचे उत्तर माझ्या वहीत होते. आपली व्हॅन सकाळी चौदा ठिकाणी थांबते. दर थांब्याला इंजिन बंद होते, सेन्सर थंडावतो. तो गप्प असला की संगणक धूर न चाखता, अंदाजाने पेट्रोल सोडतो. आणि कमी पडू नये म्हणून जरा सढळच सोडतो. पूर्वी लिटरला १५ किलोमीटर मिळत, ते साडेबारावर आले होते. महिन्याचे ९०० किलोमीटर धरले तर ६० लिटरऐवजी ७२ लिटर. लिटरचे १०० रुपये जरी धरले तरी महिन्याला १,२०० रुपये धुराड्यातून गेले. चार महिन्यांत नव्या सेन्सरची किंमत वसूल होते. शिवाय जास्तीचे पेट्रोल पुढे कन्व्हर्टर खराब करते, आणि मग गॅरेजने सांगितलेला तो मोठा खर्च खरोखरच करावा लागला असता. काळी पट्टी चिकटवल्याने यांतले काहीच थांबले नसते.

सेन्सर बदलतानाही काही पथ्ये आहेत. तो मालाच्या क्रमांकाप्रमाणे त्याच गाडीचा घ्यावा. जुना सेन्सर इंजिन कोमट असताना, तार जाण्याची फट असलेल्या पान्याने काढावा. तापलेल्या नळीला हात लावू नये. नव्याच्या आट्यांना अडकू नये म्हणून विशेष ग्रीस लावतात, ते टोकाला लागू देऊ नये. टोक चिनीमातीसारखे असल्याने सेन्सर हातून पडला तर तडकतो. जवळपास सिलिकोनचा साधा मसाला वापरू नये. त्याची वाफ सेन्सरला विषासारखी असते. इंजिन ऑइल जाळत असेल किंवा कूलंटचे पाणी आत झिरपत असेल तर नवा सेन्सरही लवकर जातो, म्हणून ते आधी पाहावे. सगळे ठीक असेल तर हीटर असलेला सेन्सर साधारण एक ते दीड लाख किलोमीटर टिकतो. आपल्या व्हॅनचे १,१२,००० झाले होते, म्हणजे त्याने आपली नोकरी केली होती.

नवा सेन्सर बसवल्यावर मेस्त्रींनी क्रमांक पुसला आणि सांगितले, "आठ दिवस नेहमीसारखी फेरी करा, मग पुन्हा वाचू." आठ दिवसांनी पुन्हा स्कॅनर लावला, काही निघाले नाही. पुढच्या महिन्यात वहीत पुन्हा १५ चा आकडा आला. जुना सेन्सर मी मागून घेतला आहे. तो कपाटात ठेवला आहे, ज्यांना पाहायचा असेल त्यांनी जरूर पाहावा.

आता घरोघरी उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगते.

१. गाडीसाठी एक वही ठेवावी. पेट्रोल भरल्याची तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहावे. दिवा लागण्यापूर्वीच वही बोलू लागते.

२. किल्ली फिरवल्यावर पिवळा दिवा लागतो आणि इंजिन चालू होताच विझतो, हे पाहण्याची सवय ठेवावी. किल्ली फिरवल्यावर तो लागतच नसेल, तर कुणी तो बंद तर करून ठेवला नाही ना, ते तपासावे. जुनी गाडी विकत घेताना हे विशेषेकरून पाहावे.

३. गॅरेजमध्ये तीन प्रश्न विचारावेत. क्रमांक कोणता निघाला? सेन्सर खराब हे कशावरून ठरवले? आणि काढलेली वस्तू परत मिळेल ना? प्रामाणिक कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याला काम दाखवायला आवडते.

४. एकापेक्षा जास्त वस्तू एकदम बदलायला सांगितल्या तर प्रत्येकीचे कारण वेगळे विचारावे.

५. बंद गॅरेजमध्ये किंवा दार लावून इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो आणि माणूस झोपेत गेल्यासारखा जातो. मिश्रण बिघडलेल्या गाडीत हा वायू अधिक असतो. लहान मुले गाडीजवळ खेळत असतील तर हे फार जपावे.

भगिनींनो, या सगळ्यात अवघड शास्त्र थोडे आहे आणि घरातली रीत जास्त आहे. दूध नासले तर आपण भांडे, पाणी, दूधवाला आणि हवा असे एकेक करून पाहतो. सगळीच भांडी नवी आणत नाही. मोटारीलाही तीच रीत लागू पडते. मंडळाचा पैसा हा कुणा एकीचा नाही. तो पहाटे चार वाजता उठून कणीक मळणाऱ्या हातांचा आहे. तो खर्च करण्यापूर्वी 'कशावरून?' एवढा एक शब्द विचारणे हे आपले कर्तव्य आहे, मग समोर डॉक्टर असो, गवंडी असो की मोटारीचा कारागीर. वाचलेल्या रकमेतून दिवाळीचे वाटप ठरल्याप्रमाणे झाले, हे आपण सर्वांनी पाहिलेच.

कार्यकारिणीने घाई न करता तपासणीला वेळ दिला, म्हणून हे साधले. ज्यांना आपल्या घरच्या गाडीचा क्रमांक वाचून पाहायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी मंडळाच्या अंगणात यावे. मंडळाने आता स्वतःचा लहान स्कॅनर घेतला आहे आणि तो वापरणे मुळीच अवघड नाही.